वर्धा-सेवाग्राम-पवनार: दोन दिवस, गुडघेदुखीची आई आणि वाघ हवा असलेला भाचा

चिमणचारा (धागाकर्ती) | ३ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माहेर पुण्याचं, सासर नागपूरचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा येताहेत, सोबत बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा. आईला गुडघ्यांमुळे चढउतार जमत नाही. बाबांना मोकळ्यावर चालायला लागतं, नाहीतर ते घरातल्या घरात येरझाऱ्या घालून आम्हाला वेड लावतात. भाच्याला वाघ हवाय.

नागपुरातलं फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स मागच्या खेपेला झालं. ताडोब्याची जिप्सी आता मिळायची नाही, आणि मिळाली तरी खिसा ऐकायचा नाही. ऑफिसातल्या एकीने वर्ध्याचं नाव काढलं. शहराला लागून गर्द झाडी, पायी हिंडण्यासारखी गावं, जवळच नदी, असं म्हणाली. माझ्या डोक्यात सेवाग्राम म्हणजे पाठ्यपुस्तकातला कौलारू घराचा फोटो, त्यापलीकडे काही नाही. दोन दिवस, एक मुक्काम. देवळांची यादी नको, मॉल तर नकोच. उघड्यावर काय काय करता येईल ते सांगा.

तर्रीपोहा | ३ डिसेंबर, रात्री १०.०५

पहिला!

नागपूर-वर्धा पंचाहत्तर किलोमीटर धरा. कारने असाल तर समृद्धीवरून येळाकेळीला उतरता येतं (दुचाकीला तिथे बंदी आहे, कोणी विचारायच्या आत सांगून ठेवतो). पण माझं ऐकाल तर जुन्या रस्त्याने जा, बुटीबोरी-सेलू करत. समृद्धीवर दिसतं काय? दुभाजक. जुन्या रस्त्यावर केळझर लागतं, टेकडीवर जुन्या किल्ल्याच्या जागेत गणपती आहे. एकचक्रानगरी ती हीच आणि बकासुराला भीमाने इथेच लोळवला असं गावकरी सांगतात. देवळं नकोत म्हणालात ते वाचलं, पण बकासुरासाठी भाचा चढेल आणि वरून शेतं दिसतात म्हणून बाबा चढतील. आईंना खाली चहा.

पेडलमारे | ३ डिसेंबर, रात्री १०.३०

रेल्वेने येणार असाल तर एक लक्षात ठेवा: वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नाव वर्धा पूर्व. काही गाड्या इथे थांबतात, काही तिथे. तिकीट काढताना नाव नीट बघा. आणि सेवाग्रामला उतरलं म्हणजे समोर आश्रम, असंही नाही. ऑटो करावाच लागतो.

आम्ही काही जण रविवारी पहाटे सायकलीने वर्ध्याहून सेवाग्रामला जातो. आठेक किलोमीटर, जवळजवळ सपाट. हिवाळ्यात सहाला निघालं की धुकं असतं, पुढच्याचा मागचा लाल दिवा तेवढा दिसतो. भाच्याला सायकल येत असेल तर सांगा, एक लहान सायकल आमच्याकडे पडून आहे.

काँक्रीटकर | ३ डिसेंबर, रात्री ११.१५

प्रामाणिक मत देतो, राग मानू नका. सेवाग्राममध्ये पाहण्यासारखं काहीही नाही. चार-पाच मातीची घरं, एक चष्मा, एक खुर्ची. पंधरा मिनिटांत संपतं. नऊ वर्षांचा मुलगा कंटाळून रडेल. त्यापेक्षा नागपुरातच वॉटर पार्कला न्या.

तर्रीपोहा | ३ डिसेंबर, रात्री ११.१७

डिसेंबरात वॉटर पार्क. बरं.

गाळीव_रत्न | ४ डिसेंबर, सकाळी ७.५०

(पॉपकॉर्न घेऊन बाजूला बसतो.)

मास्तरीणबाई | ४ डिसेंबर, दुपारी २.२०

पंधरा मिनिटं दिली की पंधरा मिनिटांतच संपणार बाबा.

चिमणचारा, मी वर्ध्यात शिक्षिका होते. वीस-बावीस वर्षं मुलांना सेवाग्रामला नेलं. सुरुवातीला मीही ओळीने आत, ओळीने बाहेर, फाटकाशी मोजणी आणि परत, अशीच सहल काढायचे. मुलं खरंच कंटाळायची. मग एका वर्षी बस बिघडली आणि आम्ही चार तास तिथेच अडकलो. त्या दिवशी मला आश्रम पहिल्यांदा दिसला म्हणायला हरकत नाही.

तुमच्या भाच्यासाठी काम सांगते. आत शिरल्या-शिरल्या कुटीत जायचंच नाही. आधी झाडं. बापूंनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. पिंपळाखाली बसून त्याला म्हणावं, वर किती प्रकारचे पक्षी आहेत ते मोज. पिंपळाला फळं धरली असतील तर राखी धनेश हमखास येतात, चोचीवर छोटं शिंग असलेले, ओरडले की घारीची आठवण व्हावी असे. मग आदि निवास. तिथून बापू कुटी.

बापू कुटीत गेल्यावर तळहात आधी बाहेरच्या, उन्हातल्या भिंतीला लावायचा, मग आतल्या. दुपारी बारानंतर हा फरक असा काही लागतो की मुलं चार-चारदा आत-बाहेर करतात. जाड मातीची भिंत, वर बांबू आणि कवेलू, पुढे उतरती पडवी. ऊन भिंतीपर्यंत पोचेपर्यंतच दमतं. बापू सेवाग्रामला राहायला आले ते ३० एप्रिल १९३६ ला. वर्ध्याचा एप्रिल-मे ज्याने काढलाय त्याला यातलं शहाणपण सांगावं लागत नाही. घर बांधायचं ते आसपास मिळणाऱ्या सामानातून आणि गावच्या माणसांच्या हातून, अशी त्यांची अट होती. कुटीच्या भिंतीवर बापूंच्या शिष्या मीराबेननी मातीतून उठावाची ताडामाडाची झाडं काढली आहेत. ती तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर, नीट दिसतात. भर दुपारी भिंत सपाटच वाटते. बहुतेक सहली भर दुपारी येतात.

आणि साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी मुलाला दाखवायला विसरू नका. आश्रमात साप निघायचे, ते मारायचे नाहीत, पकडून लांब सोडायचे. माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला वीस वर्षांत चष्मा आठवला नाही, तो चिमटा आठवला. व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोनही आहे. तो बघून हल्लीची मुलं विचारतात, याला स्क्रीन कुठाय.

संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर होते, जमिनीवर. कोणीही बसू शकतं. आईंना खाली बसवत नसेल तर कडेला टेकायला जागा बघून ठेवा. पायताण काढून, आवाज न करता, आणि आत फोटोबद्दलची पाटी वाचून.

काँक्रीटकर | ४ डिसेंबर, दुपारी ३.००

बाई, मी सहलीतूनच पाहिलं होतं. भर दुपारी.

मास्तरीणबाई | ४ डिसेंबर, दुपारी ३.१०

मग कदाचित माझ्याच बसमध्ये असाल. क्षमस्व.

धामकाठ | ४ डिसेंबर, रात्री ८.३०

बाईंनी सेवाग्रामचं लिहिलं, मी पवनारचं लिहितो. माझी लिहायची भाषा हीच हाय, तशीच वाचा जी.

पवनार नागपूर रोडवर, वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटर. पुलाजवळ धाम नदी काळ्या खडकातून जाते, काठावर उंचावर विनोबांचा आश्रम. खाली पात्रात छत्री हाय, गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ ला इथं धाममध्ये सोडल्या. दर वर्षी १२ फेब्रुवारीले मेळा भरते. तुमी डिसेंबरात येऊन राहिले म्हणजे गर्दी नाई.

विनोबा १९३८ मध्ये इथं आले ते तब्येत खालावली म्हणून. नंतर स्वतः कुदळ घेऊन शेत खोदून राहिले, तर मातीतून मूर्ती निघाल्या. राम-भरत भेटीची त्यातलीच, ते देऊळ आश्रमातच हाय. पवनार जुनं गाव, वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ते हेच असं इतिहास-संशोधक मिराशींनी मांडलं होतं (रामटेकजवळच्या मनसरवाले ऐकून घेत नाईत, तो वाद वेगळा). आमच्या आज्याच्या घराच्या पायव्यातही कोरीव दगड होता, त्याच्यावर आजी मिरच्या वाटे.

१९५९ पासून आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर हाय, बायकांनी चालवलेलं. शेती, स्वयंपाक, सगळं त्याच करतात. निर्णय सगळ्यांचं एकमत झाल्यावरच घेतात. आमच्या ग्रामसभेत नऊ जणांचं एकमत होत नाई. तिथं बोलत फिरू नका, नुसतं बसा. वरच्या कठड्यावरून सकाळी नदी पाहा. खंड्या, बगळे, पाणकावळे असतातच.

आता महत्त्वाचं. पोट्ट्याले पात्रात एकट्याले सोडू नका. वरून पाणी घोट्याएवढं दिसते, पण खडकात डोह हायेत, शेवाळ हाय. वर महाकाळीचं धरण हाय, पाणी सोडलं की खाली वाढते. दर वर्षी कोणाचं न् कोणाचं पोरगं जाते. सेल्फीवाले तर विचारूच नका.

चिमणचारा | ४ डिसेंबर, रात्री ९.०५

मास्तरीणबाई, धामकाठ, फार फार आभार. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाबा विचारताहेत, शेतातून चालायला मिळेल का? शहरात वाढलेला माणूस आहे, पण शेत दिसलं की शिरावंसं वाटतं.

धामकाठ | ४ डिसेंबर, रात्री ९.२०

माझंच वावर हाय की. पांदणीने दीड-दोन किलोमीटर चालत या, दोन्ही बाजूले पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. डिसेंबरात दुसरी-तिसरी वेचणी चालू असते. सीतादही पहिल्या वेचणीले होते, ते निघून गेलं असेल, नाहीतर दहीभाताचा नैवेद्य पाहायले मिळाला असता. तुरीच्या शेंगा उकडून देतो. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने). पाऊस येऊन गेला असेल तर मात्र नका येऊ. काळी माती चपलेले अशी धरते की पायापेक्षा चपलेचंच वजन जास्त.

नवतपा | ५ डिसेंबर, सकाळी ११.४०

वाखु (वाचनखूण) साठवली. माझी एक सूचना: कोणीही हा धागा वाचून मे महिन्यात वर्ध्याला जाऊ नये. मी गेलो होतो. पारा ४५ च्या पुढे, रस्त्यावर फक्त मी आणि एक कुत्रं. कुत्रं ऑटोखाली होतं. मला ऑटोवाल्याने विचारलं, काऊन आले जी?

जुलै-ऑगस्ट हिरवंगार असतं पण पांदणी बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. फेब्रुवारीअखेर ते मार्च पळस फुलतो, मोहाची फुलं पडू लागतात. तो वेगळाच नजारा.

रोही | ५ डिसेंबर, दुपारी ४.००

वाघाच्या प्रश्नाकडे कोणी बघितलंच नाही.

बोर. वर्ध्याहून साधारण पस्तीस किलोमीटर, सेलू-हिंगणी करत बोरधरण. १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. गाभा १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत याची गणना होते. लहान आहे म्हणून गाड्याही कमी. ताडोब्यात एका वाघिणीभोवती पंधरा जिप्स्या बघितल्यावर बोरमध्ये मला पहिल्यांदा पानांचा आवाज ऐकू आला. साग, ऐन, तेंदू, बांबू. सांबर, चितळ, रानगवे, अस्वल, रानकुत्री. आणि अर्थात रोही. नीलगाय म्हणणाऱ्यांना सांगतो, आमच्याकडे तिला रोही म्हणतात आणि शेतकरी अजून बरंच काही म्हणतात.

बुकिंग ऑनलाइन करा, आठवड्यात एक दिवस सुट्टी असते ती तारीख टाकतानाच कळते. ओळखपत्रं मूळ न्या. पावसाळ्यात बंद. सकाळची फेरी घेणार असाल तर उघड्या जिप्सीत डिसेंबरचा वारा काय असतो ते आईंना आधी सांगा. ब्लँकेट, कानटोपी, हातमोजे. जिप्सीत गुडघ्यांना धक्के बसतात. माझ्या मते आईंनी धरणाच्या काठावर बसावं, बाबा आणि भाच्याने आत जावं. धरणावर हिवाळ्यात बाहेरून आलेली बदकं असतात, दुर्बीण असेल तर न्या.

आणि भाच्याला वाघाचा शब्द देऊ नका. 'जंगल बघायला चाललोय' एवढंच म्हणा.

एक जाताजाता. बोरचा बाजीराव नावाचा मोठा नर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीखाली गेला. जंगलाला लागून रस्ता असेल तिथे रात्री गाडी हळू चालवा, एवढीच विनंती.

पेडलमारे | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या झाडांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०२० मध्ये रुंदीकरणासाठी या रस्त्यावरची जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली. लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि तोड थांबवावी लागली. पण तोवर बरीच गेली होती. मी तेव्हा तिथे होतो. बुंध्याचा ओंडका ट्रकमध्ये चढत नव्हता, तीनदा दोर तुटला. आजही सायकलने जाताना डोळे मिटले तरी कळतं, सावलीचा तुकडा कुठे संपला ते. मानेवर ऊन येतं.

काँक्रीटकर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

रस्ता रुंद व्हायला नको का मग? तिथे मोठं हॉस्पिटल आहे, रुग्णवाहिका जातात. अपघात झाला की तुम्हीच ओरडता.

पेडलमारे | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.५५

रुग्णवाहिकेला वाट हवीच, त्याबद्दल वाद नाही. झाडांची ओळ मध्ये ठेवून पलीकडून दुसरी लेन काढता येत होती, एवढंच आमचं म्हणणं होतं. आणि हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर ऑटोची वाट बघत बसलेले नातेवाईक कुठे बसतात, ते एकदा मे महिन्यात जाऊन बघा.

मास्तरीणबाई | ५ डिसेंबर, रात्री ८.१०

दोघांनी हा विषय वेगळ्या धाग्यावर न्या बरं. मुलगी सहल विचारतेय.

पानगे | ६ डिसेंबर, सकाळी ९.३०

खाण्याचं राहिलं! वर्ध्यात गेलात आणि गोरसपाक न खाता आलात तर या धाग्यावर तोंड दाखवू नका. गोरस भांडाराचा. गाईच्या तुपातलं बिस्कीट म्हणा हवं तर, पण बिस्किटासारखं कुरकुरीत नाही, आधी मोडतं आणि मग विरघळतं. दुधात बुडवू नका, बुडबुड्यांसकट खाली बसतं. वर्धा म्हणजे गवळाऊ गाईंचा मुलूख, त्यामुळे गाईचं दूध-तूप हे इथे जुनं प्रकरण आहे.

सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी सांबारवडी. जेवायला आश्रमासमोर साधं मिळतं, ज्वारीची भाकरी, भाजी, वरण. तिखट हवं असेल तर गावात पाटवडी रस्सा. पुण्याच्या मंडळींना आधी अर्धी वाटीच वाढायला सांगा.

आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तुमचा प्रश्न नाही, पण धागा सगळेच वाचतात.

चिमणचारा | ६ डिसेंबर, सकाळी १०.००

भाचा विचारतोय, सांबारवडीत सांबर असतं का? घाबरलाय.

पानगे | ६ डिसेंबर, सकाळी १०.०४

कोथिंबीर हो! आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाजारात 'दहाचा सांबार द्या' म्हटलं की जुडी हातात येते.

तर्रीपोहा | ६ डिसेंबर, सकाळी १०.२०

बाकी पटकन सांगतो. गोपुरीतलं गीताई मंदिर बघा. भिंत नाही, छप्पर नाही, आकाशाखाली उभ्या शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय. शिळांची मांडणी गाय आणि चरख्याच्या आकारात आहे म्हणतात, जमिनीवरून ते कळत नाही. भाच्याला शिळांमध्ये लपाछपी खेळावीशी वाटेल, खेळू देऊ नका (मी खेळलो होतो, बोलणी खाल्ली). शेजारीच पांढरा विश्वशांती स्तूप, जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजींच्या कल्पनेतला. बाबांना हातमागाची, ग्रामोद्योगाची आवड असेल तर मगन संग्रहालय, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्याच हस्ते सुरू झालेलं. गिरड लांब पडेल, पुढच्या वेळी. शेख फरीद बाबांची टेकडी, तिथे सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. व्यापाऱ्याचा माल बाबांच्या शापाने दगड झाला अशी गोष्ट आहे.

चिमणचारा | ३० डिसेंबर, रात्री १०.१५

आलो! वृत्तांत देते म्हटलं होतं. जमेल तसा.

पेडलमारे यांनी इतकं बजावूनही आम्ही स्टेशनात चुकलो. परतीचं तिकीट वर्ध्याचं समजून सेवाग्रामचं काढलं होतं. कळलं ते गाडीला पस्तीस मिनिटं उरल्यावर. ऑटोवाले काका म्हणाले, "बसा, पोचवतो," आणि पोचवलं. आईने वाटेत रामरक्षा दोनदा म्हटली.

पहिला दिवस सेवाग्रामचा. साडेआठला पोचलो आणि मास्तरीणबाई, तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी पिंपळाखाली बसलो. आईने टेकायला जागा शोधली आणि ती दीड तास उठलीच नाही. एरवी दर दहा मिनिटांनी "आता पुढे काय?" विचारणारी बाई. धनेश दोन आले. भाच्याने यादीत 'डोक्यावर शेंगदाणा असलेला पक्षी' असं लिहिलंय. भिंतीचा प्रयोग त्याने इतक्या वेळा केला की तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "काय मोजून राहिला बाळा?" तो म्हणाला, ताप. मीराबेनची झाडं आम्हाला सकाळी दिसली, आणि दुपारी जेवून परत गेलो तेव्हा खरंच नाहीशी झाल्यासारखी वाटली. चिमटा अर्थातच हिट. भाच्याने पुण्याला फोन करून त्याच्या आईला सांगितलेली पहिली गोष्ट तीच.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. मला वाटलं होतं भाचा चुळबुळ करेल. केलीच. पण मध्ये थोडा वेळ शांतता होती तेव्हा वर वटवाघळं निघाली, आणि तो मान वर करून बसला. बाबांचे डोळे मिटलेले. मी मात्र परतीच्या ऑटोचा विचार करत होते, खोटं कशाला बोलू.

दुसरा दिवस भरगच्च झाला, तेवढी चूक झाली. पहाटे बोर. बाबा आणि भाचा जिप्सीत, आई आणि मी धरणावर. थंडी अशी की फ्लास्कमधला चहा ओतेपर्यंत कोमट. वाघ नाही. चितळांचा इशारा ऐकला, गाईडने गाडी बंद केली, पंधरा मिनिटं सगळे श्वास धरून, आणि रस्त्यावर धुळीत एक ताजा ठसा. बाबांनी आपला तळहात वरून धरून बघितला (खाली उतरायची परवानगी नाही, गाडीतूनच), म्हणाले, "माझ्यापेक्षा मोठा." नंतर एक सांबर अगदी जवळून दिसलं. भाच्याने हळूच आजोबांना विचारलं, "हे जुडीने मिळतं ना?" आजोबा हसले आणि गाईडने दोघांना गप्प केलं.

पवनारला दुपारी पोचलो, म्हणजे चुकीच्या वेळी. धामकाठ, तुम्ही सांगितलेली सकाळ आम्ही घालवली. कठड्यावर बसलो थोडा वेळ. खाली पात्रात चार-पाच मुलं पँटी वर खोचून थेट मधल्या खडकापर्यंत गेली होती, एका आजींनी काठावरून त्यांना परत बोलावलं. ओरडल्या नाहीत, नुसतं नाव विचारलं एकेकाचं. आली मुकाट्याने.

मग धामकाठांचं वावर. त्याबद्दल काय लिहू? बाबांनी पऱ्हाटी वेचून बघितली, बोंडाच्या टोकांनी पाचही बोटं ओरबाडली. शेजारच्या तासात वेचणाऱ्या मावशींची बोटं एवढ्या वेळात ओटी भरून मोकळी. बाबांचा एक मूठ कापूस. तो त्यांनी खिशात घालून आणलाय. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, वर मीठ, धुऱ्यावर बसून. वहिनींनी आईला सोल्यांची आमटी शिकवली. आई आता पुण्यात ओली तूर कुठे मिळते ते शोधणार आहे.

गोरसपाक दोन किलो आणला होता. नागपूरला पोचेपर्यंत सव्वा किलो.

रोही | ३० डिसेंबर, रात्री १०.४०

ठसा मिळाला म्हणजे मिळालं. धरणावर काय दिसलं?

चिमणचारा | ३० डिसेंबर, रात्री १०.५२

चक्रवाक होते बहुतेक, भगव्या-तांबूस रंगाची जोडी. बाकी करडी बदकं, नावं नाही येत. दुर्बीण बाबांनी जिप्सीत नेली होती.

काँक्रीटकर | ३१ डिसेंबर, सकाळी ८.०५

भिंतीचा प्रयोग आमच्या फ्लॅटमध्ये करून पाहिला. दोन्हीकडून सारखीच. जानेवारीत जाऊन येतो म्हणतो. सकाळी.

धामकाठ | ३१ डिसेंबर, सकाळी ८.३०

ताई, तुमच्या बाबांचा मफलर इथंच राहिला. बाभळीच्या काट्याले अडकलेला होता, माझ्या पोरीले आज सकाळी सापडला. मातकट रंगाचा, एका टोकाले उसवलेला. कुरिअरने पाठवू का?

चिमणचारा | ३१ डिसेंबर, सकाळी ९.१५

बाबांना विचारलं. म्हणाले पाठवू नका, होळीच्या आधी पळस बघायला येतो तेव्हा घेतो. आई म्हणतेय, उसवलेलं टोक मी शिवणार होते, मी पण येते.